नळ पूर्ववत गळता करणेबाबत

बादलीमामा शाळेत नोकरीला लागला तो प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुवायला. पाणी वाहायला नव्हे. कागदोपत्री तो आजही प्रयोगशाळेचाच माणूस आहे. पण कागदोपत्री त्या शाळेला बाग आहे, बागेत कारंजं आहे आणि कारंज्याला वर्षातून दोनदा रंग दिला जातो. तेव्हा कागदाचं सोडा. खरं काय ते मामाच्या गुडघ्यांना विचारा.

मैदानाच्या कडेला, प्रयोगशाळेच्या खिडकीखाली एक नळ होता. तो गळायचा. थेंब थेंब गळणारे नळ लाजरे असतात. हा तसा नव्हता. कितीही घट्ट बंद केला तरी करंगळीएवढी धार, गच्चीवरच्या टाकीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत, एक दिवस खाडा नाही. एवढं सातत्य शाळेत दुसऱ्या कुणाच्याच अंगी नव्हतं. सकाळी सातला मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची, आणि बाराला दुसऱ्या मजल्यावरचे नळ खाकरायला लागायचे. मग पुन्हा मोटर लावावी ना? छे. मोटर दिवसातून एकदाच लावायची असा लेखी नियम होता, आणि किल्ली मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाईंच्या कपाटात. म्हणून मामा आवारातल्या जमिनीखालच्या टाकीतून बादली उपसायचा आणि चव्वेचाळीस पायऱ्या चढून वर न्यायचा. एका हातात बादली, दुसऱ्या हातात कठडा. दुपारभरात बारा खेपा. अशी नऊ वर्षं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा वॉशरचं काम, मामानंच करून का टाकलं नाही? केलं होतं की. दहा वर्षांमागं केलं होतं. पदरचा वॉशर आणला, पान्हा फिरवला, नळ गप्प. आठ दिवसांत मामाच्या हातात मेमो पडला: 'सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना शालेय मालमत्तेत फेरफार केल्याबद्दल सक्त ताकीद. पुनश्च असे घडल्यास कठोर कारवाई.' इमारत एका खात्याची, पाणी दुसऱ्या खात्याचं, आणि नळ दोघांच्या मधे सवतीच्या पोरासारखा. वर्षभरात तो वॉशर झिजला, धार पुन्हा सुरू झाली, आणि मामानं हात मागं बांधले. दर वर्षी एक अर्ज द्यायचा. दर वर्षी उत्तर यायचं, 'प्रकरण विचाराधीन आहे.' रबराच्या एका चकतीवर नऊ वर्षं विचार करणारी माणसं वर बसली आहेत म्हटल्यावर मामाला खाली कसली काळजी?

नवा वॉशर मात्र तो कायम खिशात बाळगायचा. खिशातल्या खिशात तो कडक झाला की दुसरा आणायचा.

"काखेत कळसा नि गावाला वळसा ऐकलं होतं," संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळता चोळता त्याची बायको म्हणायची. "खिशात वॉशर नि हातात बादली हे तुमच्याकडंच बघितलं."

"चौदा महिने राहिलेत माझे. दुसरा मेमो आला तर निवृत्तीची फाईल अडकते."

"फाईलला काय धाड भरलीय, ती चालेल. चौदा महिन्यांनी तुम्ही चालाल का ते बघा."

मामा दुसरा गुडघा पुढं करायचा. उत्तर गुडघ्यात होतं, आणि ते कळा मारत होतं.

अशात वरून परिपत्रक आलं. मुलांनी पाठांतर फार केलं, आता प्रकल्पातून शिकायचं. आजूबाजूची खरीखुरी समस्या मुलांनी शोधायची, मुलांनीच योजना आखायची, मुलांनीच तडीस न्यायची.

त्या शाळेला प्रकल्प नवीन नव्हते. प्रयोगशाळेच्या कपाटावर थर्माकोलचा एक ज्वालामुखी सत्तावीस वर्षं ठाण मांडून बसला होता. दर वर्षी मामा त्याची धूळ झटकायचा, उंदरांनी कुरतडलेली बाजू डिंकानं चिकटवायचा, तोंडाला लाल रंग फासायचा. पोटात सोडा आणि व्हिनेगर घातलं की तो फसफसायचा आणि पहिलं बक्षीस घ्यायचा. ह्याच ज्वालामुखीवर बक्षीस घेतलेल्या एका माणसाची लेक आता सातवीत होती, आणि यंदा ती त्याच्याशेजारी उभी राहून बोलणार होती. घराणंच म्हणा. प्रकल्पाची वही कार्यक्रम झाल्यावर भरायची रीत होती, म्हणजे चुका होत नाहीत. आधी कळस, मग पाया.

परिपत्रकापाठोपाठ इतिहासाच्या बाई तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या आणि प्रकल्पबाई होऊन परतल्या. बाई वाईट नव्हत्या हो. पण कोरड्या विहिरीत एकदम पूर यावा तसं त्यांचं झालं होतं. येताना कापडी पिशवी, दोन पेनं आणि सात टप्पे घेऊन आल्या. भिंतीवर हा एवढा तक्ता लागला: प्रश्न, माहिती, आराखडा, कृती, चाचणी, अहवाल, सादरीकरण. एका टप्प्याला एक आठवडा. सातव्या आठवड्यात पाहणी समिती येणार.

"सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न," बाई वर्गात म्हणाल्या. "सांगा, तुमच्या आजूबाजूला कोणती समस्या आहे?"

"प्रदूषण," एक मुलगा म्हणाला.

"छान! अजून?"

"जागतिक तापमानवाढ."

"वा!"

शेवटच्या बाकावर मुंगी बसली होती. अंगानं एवढीशी आणि लागली की सोडायची नाही, म्हणून मुंगी. तिनं हात वर केला. "बाई, खालचा नळ गळतो."

बाई जरा हिरमुसल्या. तापमानवाढीवरून एकदम नळावर यायचं म्हणजे गच्चीवरून खाली पडल्यासारखंच. पण प्रशिक्षणात सांगितलं होतं, मुलांचा कोणताही प्रश्न मोडू नका. त्यांनी तक्त्याखाली लिहिलं: 'गट पाच – गळता नळ.'

मुंगीच्या गटात पाच जणी. त्या त्याच सकाळी नळापाशी बादली घेऊन बसल्या. पंधरा लिटरची बादली पाच मिनिटांत भरली. मग दुपारी त्या जिन्यात मामाच्या मागं लागल्या.

"मामा, रोज किती बादल्या वर नेता?"

"बारा."

"आणि खाली सात ते बारा साठ बादल्या मातीत जातात. आम्ही हिशेब केला."

मामा सोळाव्या पायरीवर थांबला. नऊ वर्षांत त्यानं वर नेलेल्या बादल्या मोजल्या होत्या. वाहून गेलेल्या मोजायची बुद्धी त्याला झाली नव्हती, आणि ते एका परीनं बरंच होतं.

"दुरुस्त का नाही करत?"

"अर्ज गेलाय."

"अर्जानं नळ बंद होतो?"

"पोरी, तू सातवीत आहेस. हा प्रश्न नोकरीला लागल्यावर विचार."

दुसऱ्या दिवशी पाचही जणी प्रयोगशाळेत हजर. नळ उघडतात कसा? मामानं आधी दाराबाहेर बघितलं, मग आत बघितलं. सांगायला काय हरकत होती? सांगणं म्हणजे फेरफार नव्हे. त्यानं टेबलावर पान्हा ठेवला, खिशातला वॉशर ठेवला आणि भिंतीला उद्देशून म्हणाला, "आधी वरचा कॉक बंद करतात. मग पान्ह्यानं डोकं सोडवतात. जुना वॉशर काढून नवा बसवतात. मी आता नळ्या धुतो. मला मागचं काही दिसत नाही."

मामानं तीन नळ्या धुतल्या. चौथी हातात घेतली आणि त्याच्या लक्षात आलं की खिडकीखालचा आवाज थांबलाय. नऊ वर्षांत खिडकीखाली पहिल्यांदा शांतता. कान ठणकल्यासारखे झाले.

त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले, तरी पाणी. मामा बादली घेऊन खालच्या पायरीवर बसून राहिला. नव्या जावयासारखं त्याला कुणी काही सांगेना. घरी गेला तेव्हा बायको तेलाची बाटली घेऊन बसली होती. "आज राहू दे," तो म्हणाला. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

हे सुख चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी प्रकल्पबाई नळापाशी आल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कुणी केलं?"

"आम्ही," मुंगी म्हणाली. एवढी उंच ती कधीच दिसली नव्हती.

"अगं पण आपण अजून पहिल्या टप्प्यावर आहोत!"

"पण झालं ना, बाई."

"झालं म्हणजे? माहिती नाही, आराखडा नाही, आणि कृती? कृती चौथ्या आठवड्यात आहे! आता पुढचे सहा आठवडे तुम्ही काय करणार? समितीला काय दाखवणार? न गळणारा नळ? तो तर कुठंही बघायला मिळतो!"

बाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. बाकीचे गट कसे शहाण्यासारखे प्रदूषणावर, तापमानवाढीवर चित्रं डकवत बसले होते; त्यांची समस्या सात आठवड्यांत काय, सात जन्मांत संपणार नव्हती. प्रकल्प असावा तर असा. हा नळाचा प्रकल्प मात्र एका वॉशरमधे आटोपला होता.

प्रकरण मोठ्या बाईंकडं गेलं. मोठ्या बाईंनी मामाला बोलावलं.

"मामा, नळ परत होता तसा करा."

"म्हणजे?"

"गळता. समिती येईपर्यंत. जुना वॉशर असेल ना?"

जुना वॉशर मुंगीनं वहीत पहिल्या पानावर चिकटपट्टीनं लावला होता, खाली 'पुरावा' असं लिहून.

मामाच्या डोळ्यांसमोर चव्वेचाळीस पायऱ्या उभ्या राहिल्या. आणि पायऱ्यांच्या मागं तो मेमो. मग तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "बाई, शालेय मालमत्तेत फेरफार आहे. मागं मला एकदा ताकीद मिळालीय. लेखी द्या, लगेच करतो."

"एवढ्याशा गोष्टीला लेखी?"

"गोष्ट तेव्हाही एवढीशीच होती."

मामाला वाटलं, असलं कोण लिहून देतंय? मामाचा अंदाज चुकला. ह्या शाळेत नळ दुरुस्त करायला नऊ वर्षांत कागद मिळाला नव्हता. नळ बिघडवायला तो पाऊण तासात मिळाला. कारकुनानं मजकूर केला, जावक क्रमांक घातला, आणि मोठ्या बाईंनी वर विषय आहे एवढं बघून सही ठोकली. 'विषय: शैक्षणिक प्रयोजनार्थ प्रांगणातील नळ पूर्ववत गळता करणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, प्रकल्पाच्या सादरीकरणापर्यंत सदर नळ मूळ, म्हणजेच गळत्या स्थितीत ठेवण्यात यावा. यात कसूर होऊ नये.' खाली गोल शिक्का.

मामानं कागदाची घडी केली, पान्हा घेतला आणि कसूर होऊ दिली नाही. खिडकीखाली धार लागली. वहीतला पुरावा पुन्हा नळात गेला, नवा वॉशर पुन्हा खिशात. बाराच्या ठोक्याला वरचे नळ खाकरले.

तिसऱ्या खेपेला मुंगी जिन्यात आडवी आली. "मामा, तुम्हीच काढलात ना?"

"मीच."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"मी कागदाच्या बाजूचा. चौदा महिने." त्यानं बादली खाली ठेवली, धाप आवरली आणि घडी तिच्या हातात दिली. तिनं ती दोनदा वाचली. पोर वाचायची ती शेवटपर्यंत वाचायची. मोठ्या बाईंना ती सवय नव्हती.

"मामा, ह्यात 'सादरीकरणापर्यंत' लिहिलंय."

"मग?"

"मग त्याच्यानंतर?"

मामानं तिच्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. मग घडी शर्टाच्या आतल्या खिशात घातली, जिथं आजवर फक्त पगाराच्या पावत्याच ठेवल्या होत्या.

"शाळेत फार हुशार होऊ नये," तो म्हणाला. "जा, आराखडा कर."

मग पुढचे सहा आठवडे ज्ञानाची गंगा वाहिली. नळाला निदान वॉशर होता, हिला तोही नव्हता. मुंगीच्या गटानं गळणाऱ्या नळाची माहिती गोळा केली, गळणाऱ्या नळाची मुलाखत सोडून सगळं केलं. तीन रंगांत आराखडा काढला. चौथ्या आठवड्यात कृती आली, तेव्हा बाईंच्या देखत नळ दुरुस्त केला, फोटो काढला आणि लगेच पुन्हा बिघडवला. पाचव्यात चाचणीसाठी दुरुस्त, फोटो, बिघाड. पोरींचा हात एवढा बसला की डोळे मिटून वॉशर बदलायला लागल्या. मामाचा हात बादलीवर बसलेला होताच. सहाव्या आठवड्यात त्याचा डावा गुडघा सुजून नारिंगाएवढा झाला आणि तो एक-एक पायरी दोन्ही पायांनी चढायला लागला, लहान पोर चढतं तसा.

"मुलं शिकतायत ना?" बायकोनं विचारलं.

"फार."

"काय शिकतायत?"

"चांगला नळ कसा नासवायचा."

"मग नोकऱ्या लागतील हो त्यांना," ती म्हणाली आणि बाटली उपडी केली.

समिती आली. तिघं जण होते: एक साहेब, एक त्यांच्या मागं चालणारे, आणि एक वही धरणाऱ्या बाई. चहा झाला, बिस्किटं झाली, प्रदूषण झालं, तापमानवाढ झाली. ज्वालामुखी फसफसला तेव्हा साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. मग मंडळी नळापाशी आली. मुंगीनं कॉक बंद केला, डोकं सोडवलं, मामाकडं हात पुढं केला. मामानं खिशातला वॉशर तिच्या तळहातावर ठेवला. चाळीस सेकंदांत धार बंद.

"झालं," मुंगी म्हणाली.

साहेब अजून वाट बघत होते. "मॉडेल कुठाय?"

"हा नळ आहे ना, सर."

"हा तर खरा आहे."

"हो सर."

साहेबांनी वहीवाल्या बाईंकडं बघितलं. बाईंनी काहीतरी लिहिलं. निकाल दुपारी लागला: ज्वालामुखी पहिला, प्रदूषण दुसरं. गट पाचला शेरा मिळाला, 'प्रयत्न चांगला. मॉडेलचा अभाव. समस्या फारच स्थानिक.'

मुंगी रडली नाही. ती दुसऱ्या मजल्यावर गेली, तिथला नळ सोडला, आणि पाणी येतंय एवढं बघून खाली आली.

तेवढ्यात मामाला बोलावणं आलं. मोठ्या बाईंच्या खोलीत प्रकल्पबाई आनंदानं फुलून उभ्या होत्या. "मामा, पुढच्या महिन्यात चार शाळांचे शिक्षक आपले सात टप्पे बघायला येतायत. नळाचा प्रकल्प त्यांना पहिल्यापासून दाखवायचाय. तेवढा तो जुना वॉशर परत—"

मामानं आतल्या खिशातून घडी काढली आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर उलगडली. बोट ठेवायला त्याला शोधावं लागलं नाही. सहा आठवडे रोज वाचून तो शब्द कुठं बसलाय हे त्याला पाठ होतं.

"सादरीकरणापर्यंत. ते आज झालं. आता नळाला हात लावला तर विनापरवानगी फेरफार होतो, बाई. मला ताकीद आहे."

"मग दुसरं पत्र देऊ." मोठ्या बाईंनी कागद जवळ ओढला, आणि सही करून दीड महिना झाल्यावर तो पहिल्यांदाच वाचला. विषय वाचला. 'गळत्या स्थितीत' वाचलं. स्वतःची सही वाचली.

"द्या की," मामा म्हणाला. "दोन्ही पत्रं फायलीत पहिल्या पानावर लावू. पाहुण्यांनाही बघता येतील. जावक क्रमांक आहे, शिक्का आहे, सगळं व्यवस्थित आहे."

प्रकल्पबाई तक्त्यातला आठवा टप्पा शोधत असल्यासारख्या छताकडं बघत होत्या.

"तो कागद इथंच राहू दे," शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या.

"राहू दे ना. माझ्याकडं झेरॉक्स आहे."

"नळ आहे तसा राहू दे."

"लेखी—"

"मामा, जा आता."

मामा गेला. पण पाहुणे तर यायचेच होते, आणि त्यांना गळका नळ दाखवायचाच होता. तेव्हा शेवटी मॉडेल झालं. मामानं थर्माकोलचा हा एवढा नळ कापला, चंदेरी कागद डकवला, तोंडातून निळ्या लोकरीची धार सोडली आणि खाली वाटी चिकटवली. चार शाळांचे शिक्षक त्याच्याभोवती उभे राहून फोटो काढत राहिले. कुणीतरी म्हणालं, अगदी खरा वाटतो. मुंगीच्या गटाचा शेरा बदलून मिळाला: 'मॉडेल उत्कृष्ट.'

तो नळ आता कपाटावर ज्वालामुखीशेजारी असतो. दिवसरात्र गळतो आणि कुणाला एक पायरी चढावी लागत नाही. मामाला त्याचं वावडं नाही. आठवड्यातून एकदा फडकं मारतो. निवृत्तीला दहा महिने राहिलेत. खिशात नवा वॉशर आहे, झेरॉक्स आहे. बादली उपडी घालून तो दुपारी तिच्यावर बसतो.

परवा तो तसा बसलेला असताना मुंगी आली.

"मामा, मोटरची किल्ली कपाटात का असते हो?"

मामानं इकडं तिकडं बघितलं. "हा प्रश्न पहिल्या आठवड्यात विचार," तो हळूच म्हणाला, "पण उत्तर मात्र सातव्याशिवाय सापडू देऊ नको."